चौथ्या माणसाचं उत्तर

एकदा एका संस्थानातली पलटण मोडली. लढाई संपली होती, दरबाराला शिपाई नकोसे झाले होते, आणि कोठीत जे जे उरलं होतं ते लिलावात निघालं. खोगिरं, तंबू, घोंगड्या आणि पत्र्याचे चाळीस डबे भरून रायफलीची दारू. दृष्टांत सांगतो म्हटलं की लोक दिवा, नदी, वडाचं झाड यांची वाट पाहतात हे मला ठाऊक आहे. आज त्यांची निराशा होणार. आणि दारू म्हणजे पिण्याची नव्हे, हेही आधीच सांगून टाकतो, नाहीतर काही मंडळी उगाच सावरून बसतील.

ते डबे घेतले एका व्यापाऱ्यानं. डब्यांना गंज चढला होता आणि वर पलटणीच्या मळकट चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. माल जुना दिसला तर गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून त्यानं चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि चाळीसच्या चाळीस डब्यांना झकास निळा रंग दिला. चिठ्ठ्यांवर काय लिहिलंय ते त्यानं वाचलंसुद्धा नाही. काय म्हणावं अशा माणसाला! खुनी नव्हे तो, वाईटही नव्हे. त्याला फक्त डबे चांगले दिसायला हवे होते.

त्याच मुलखात डोंगराखालच्या एका गावात एक वृद्ध कारागीर राहत असे. लोक त्यांना उस्ताद म्हणत. रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी दरबारानं गावोगावच्या राखणदारांना जुन्या रायफली दिल्या होत्या, पण नवी काडतुसं मिळायची मारामार. म्हणून राखणदार उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून ठेवत आणि उस्ताद त्या पुन्हा भरून देत. पुंगळीच्या बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी, आत मोजून दारू, तोंडाशी गोळी. ऐकायला सोपं आहे. पण सगळा जीव त्या मोजण्यात आहे. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकून बसते. जास्त झाली तर रायफल फुटते, आणि फुटते ती धरणाऱ्याच्या तोंडासमोर. शिवाय एका खेपेची दारू दुसऱ्या खेपेसारखी नसते. दिसते तशीच, जळते मात्र निराळी. प्रत्येक खेपेचं माप डब्यावरच्या चिठ्ठीत असतं, आणि चिठ्ठी गेली की डब्यात काय आहे ते देवालाच ठाऊक.

या धंद्यात एक जुनी रीत होती. जो माप देईल, त्यानं त्या मापाचा पहिला बार निघताना रायफलवाल्याच्या खांद्याशी उभं राहायचं. झाडाआड जायचं नाही की चार पावलं मागे सरायचं नाही. उस्ताद तीस वर्षं असे उभे राहिले होते, आणि त्यांचा डावा कान त्यापायी जवळजवळ गेला होता.

त्यांच्या हाताखाली सटवा नावाचा एक तरुण शिकत होता. आईबाप लहानपणीच गेले. त्याला वाढवलं थोरल्या भावानं, हैबतीनं, आणि वहिनीनं, राहीनं. हैबती दोन कोसांवरच्या गावचा राखणदार होता. त्या वर्षी डुकरांनी नुसता उच्छाद मांडला होता. ज्वारी कणसात आली होती, काढणीला दहा-बारा दिवस होते, आणि गेल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याची मांडी डुकरानं फाडली होती. हैबतीपाशी मोजून दोन काडतुसं उरली होती. दोन काडतुसांवर तो रानात उभा राहत होता, आणि सटवाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

नेमका अशा वेळी व्यापारी निळा डबा घेऊन उस्तादांच्या ओट्यावर आला. "एवढं माप सांगा, म्हणजे मी गावोगाव सांगून विकतो. लोकांची सोय होईल."

उस्तादांनी चिमूटभर दारू तळहातावर घेतली, उन्हात धरून पाहिली आणि म्हणाले, "मला माहीत नाही."

"अहो, तीस वर्षं हेच करताय ना?"

"म्हणून तर एवढ्या लवकर सांगता आलं."

व्यापारी तोंड वाकडं करून गेला, पण जाताना 'बघा जमलं तर' म्हणत एक डबा ठेवून गेला. सटवा मात्र उस्तादांच्या मागेच लागला. थोडी थोडी वाढवत माप शोधता येणार नाही का? उस्ताद म्हणाले, येईल की. रायफल खोडाला बांधायची, भिंतीआडून दोरीनं चाप ओढायचा, दर बारानंतर पुंगळीचं बूड तपासायचं. महिना लागेल. तेही सुरुवात कुठून करायची हे कळलं तर.

"महिना! तोवर ज्वारी राहते का उस्ताद? आणि दादा?"

उस्ताद म्हणाले, "पलटणीत ही दारू ज्यानं आपल्या हातानं भरली असेल, असा माणूस शोध. आकडा नको आणूस, माणूस आण."

डब्यातली दारू पुडीत बांधून आणि तोलायचा काटा घेऊन सटवा निघाला. पाच दिवस हिंडला बिचारा.

पहिला भेटला पलटणीच्या कोठीवरचा जुना कारकून. त्यानं चष्मा पुसला, वळणदार अक्षरात कागदावर माप लिहून दिलं आणि खाली सहीसुद्धा ठोकली. "आपण येता का आमच्या गावी?" सटवानं विचारलं. कारकून म्हणाला, "गुडघे धरलेत रे, आणि कागद दिलाय ना सहीनिशी!"

दुसरा एक निवृत्त सुभेदार. त्यानं कारकुनाचा कागद पाहिला आणि छद्मी हसला. त्याच्या मते माप चार गुंजांनी जास्त हवं होतं. "कारकुंड्यानं कधी बार काढलाय का?" सुभेदाराला येण्याविषयी विचारायचा सटवाला धीरच झाला नाही.

तिसरा एका सरदाराच्या शिकारखान्यावरचा चाकर. त्यानं सुभेदाराच्याही वर तीन गुंजा चढवल्या. "आमचे सरकार असंच भरायला लावायचे. वाघ जागच्या जागी!"

चौथा माणूस गावकुसाबाहेरच्या झोपडीत दोर वळत बसला होता. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. पलटणीत बावीस वर्षं त्यानं काडतुसंच भरली होती. त्यानं सटवाजवळची पुडी सोडली, दारू हुंगली, चिमटीत चोळली आणि विचारलं, "डब्यावरची चिठ्ठी कुठाय?"

"व्यापाऱ्यानं खरवडली."

म्हातारा हळहळला. "मग मला न्हाई ठावं, पोरा."

"अंदाजे तरी सांगा ना, बाबा. फार लांबून आलोय."

"अंदाजानं बाजरी मोजत्यात. ह्ये न्हवं." मग पुडी पुन्हा बांधत तो म्हणाला, "तुझ्या उस्तादाकडं येतो मी. दोघं मिळून बघू काय जमतंय त्ये. पन चालवत न्हाई मला. गाडी बघ येखादी."

गाडी मिळायला दोन दिवस गेले असते, जायला आणखी एक. आणि कशासाठी? ज्याला काही ठाऊकच नाही अशा माणसासाठी! सटवा "पुन्हा येईन बाबा" म्हणाला, त्याच्या पाया पडला आणि निघाला.

वाटेत एका झाडाखाली बसून त्यानं हिशेब केला. तीन माणसं, तीन आकडे. तिघंही जाणती. एकाचं धरावं तर दोघं खोटे पडतात. तेव्हा त्यानं कारकुनाच्या कागदावर तिन्ही आकडे एकाखाली एक मांडले, बेरीज केली, तीनानं भागलं आणि आलेला आकडा कागदाच्या पाठीवर लिहिला. त्याला वाटलं, हे तर एकट्या कुणाच्याही आकड्याहून पक्कं. मधलं माप! चौथ्याचं उत्तर त्या बेरजेत कुठं मांडणार? ते त्यानं सोडून दिलं.

उस्तादांच्या गावाआधी वाटेवर भावाचं गाव लागत होतं. दुपारची वेळ होती. हैबती ओट्यावर बसून रायफल पुसत होता. सटवाला बघताच तो उठला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आलास? मिळालं का रं माप?"

आता मला सांगा, जन्मभर ज्याच्या ताटातलं खाल्लं तो भाऊ असं विचारतो, तेव्हा "थांब, आधी उस्तादांना विचारतो" असं किती जणांच्या तोंडून निघेल? सटवा म्हणाला, "मिळालं, दादा."

त्याच्याकडे काटा होता, पुडीत दारू होती, हैबतीपाशी रिकाम्या पुंगळ्या आणि गोळ्या होत्या. सटवानं सहा काडतुसं भरली. हात अगदी उस्तादांसारखा चालला, एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही. राहीनं त्याला भाकरी वाढली. जेवून तो उस्तादांकडे निघाला. वाटेत त्यानं मनाची समजूत घातली, की उस्तादांना कागद दाखवू आणि ते हो म्हणाले की झालं.

उस्तादांनी त्याला एकट्यालाच येताना पाहिलं. "माणूस कुठाय?"

सटवानं कागद पुढे केला. उस्तादांनी तो उलटसुलट केला, तीन आकडे पाहिले, पाठीमागचा चौथा पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "हा कुणी सांगितला?"

"कुणी नाही. मी काढला. तिघांचा मिळून."

"भरलीस का कुठे?"

सटवा खाली बघू लागला. मग हळूच म्हणाला, "दादासाठी. सहा."

सत्तरीचा तो माणूस पायात वहाणा न घालता तसाच धावत सुटला. सटवा मागोमाग. दोन कोस. दिवस कलत होता, ज्वारीच्या शेतांतून राखणदारांचे हाकारे ऐकू येत होते. गाव दिसायला लागलं तेव्हा एक बार झाला. नेहमीच्या बारासारखा नव्हता तो. उस्तादांना उजव्या कानानं तेवढं कळलं, आणि ते वाटेतच खाली बसले.

त्या संध्याकाळचं वर्णन मी करणार नाही. हैबतीला घोंगडीत घालून घरी आणलं, एवढं पुरे. सारा गाव अंगणात जमला. राही त्याच्या उशाशी बसली होती. पाटलानं फुटलेली रायफल हातात घेतली आणि ओरडून विचारलं, "ही काडतुसं भरली कुणी?"

सटवाच्या ओठांपाशी शब्द आला, तिथंच थिजला.

"मी भरली," उस्ताद म्हणाले.

राहीनं मान वर करून उस्तादांकडे पाहिलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. लोकांनी उस्तादांना मारलं नाही, वयाकडे बघून. पण त्यांच्या ओट्यावर कुणी चढेना. पाणवठ्यावर बायका त्यांना बघून घागरी उचलून निघून जात. तीस वर्षं ज्यांच्या खांद्याशी उभे राहिले, ते राखणदार समोरून येताना वाट बदलत. दुसऱ्याच दिवसापासून उस्ताद गावोगाव हिंडले, शिव्या खाल्ल्या, हातापाया पडले आणि मापाशिवायच विकले गेलेले निळे डबे एकेक करून परत मिळवले. व्यापाऱ्यानंही, खरं सांगायचं तर, उरलेले डबे मुकाट्यानं आणून दिले. सगळी दारू पाण्यात भिजवून त्यांनी दूर माळावर पुरली. सटवा खड्डे खणत होता. दोघांत कामापुरतंच बोलणं होत होतं.

दिवस झाले, तेरावा झाला, महिना उलटला. सटवा वाळत चालला. वहिनीच्या घराकडे त्याची पावलं वळेनात. तेराव्यालासुद्धा तो मांडवाच्या कडेला उभा राहून परतला होता. एक दिवस काम करता करता त्याच्या हातातला काटा खाली पडला आणि तो एकदम म्हणाला, "उस्ताद, तुम्ही खोटं का बोललात? मला झोप नाही. तुम्ही मला वाचवलंत की मारलंत, तेच कळत नाही."

उस्तादांनी काटा उचलून जागेवर ठेवला. "आधी सांग, त्या तिघांखेरीज आणखी कुणी भेटलं होतं का?"

तेव्हा कुठे सटवानं दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याची हकीकत सांगितली. तो यायला तयार होता, हेही सांगितलं.

उस्तादांनी डोळे मिटून घेतले. मग हळूहळू बोलू लागले. "वाट चुकलेल्या तिघांना वाट विचारली आणि तिघांच्या मधली धरली, तर माणूस गावात पोचतो का रे? तिघांनी आकडा दिला, पण एकही जण आकड्याबरोबर आला नाही. चौथ्यापाशी आकडा नव्हता, तो स्वतः येत होता. खरं उत्तर तेवढंच होतं. 'मला ठाऊक नाही, चल, मिळून बघू.' ते बेरजेत बसेना म्हणून तू टाकून दिलंस. मी रागानं बोलत नाही. तुला घाई झाली ती भावाच्या मायेपोटी, हे मला कळतं."

"मग 'मी भरली' असं का म्हणालात?"

"तुला धाडलं कुणी? मी. माणूस आण म्हणालो, पण का आण, ते बसवून सांगितलं नाही. मला जे तीस वर्षांत कळलं ते तुलाही कळलं असेल असं धरून चाललो. तोही अंदाजच की! त्या अंदाजापायी हैबती गेला. तेव्हा मी म्हणालो त्यात निम्मं खरं होतं, सटवा."

"आणि उरलेलं निम्मं?"

"ते तुझं आहे. ते मी घेतलेलं नाही. त्या संध्याकाळी तुला ते पेललं नसतं, तू तिथंच संपला असतास आणि त्या घरातनं दोन तिरड्या निघाल्या असत्या. म्हणून तुला उचलता येईपर्यंत धरून ठेवलंय. पण आता माझे हात भरून आलेत, बाळा."

सटवा तिथंच ढसढसा रडला. उस्तादांनी त्याला रडू दिलं. मग तो उठला, तोंडावर पाणी मारलं आणि दोन कोसांची वाट धरली.

राही ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. त्या सालचीच ज्वारी. डुकरांनी ठेवली होती तेवढी. सटवा पायरीखाली उभा राहिला. वर चढायचा त्याला धीर होईना.

"वैनी," तो म्हणाला, "ती काडतुसं उस्तादांनी नव्हती भरली. मी भरली. माप मी काढलं होतं. दादाला मी मारलं."

राहीचा हात सुपात थांबला.

"मला ठावं हाय, भावजी."

सटवाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"ह्याच वट्यावर बसून भरलीत की तुमी, मी भाकरी वाढली न्हवं का? रानात जाताना तुमचं दादा काय म्हनलं, म्हायतंय? काडतुसं कनवटीला खोवली नि म्हनलं, 'राहे, आपला सटवा आता उस्तादाच्या तोडीचा झाला बघ.' लई खुशीत गेलं वो." तिनं पदरानं डोळे टिपले. "उस्ताद 'मी' म्हनलं तवा मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मानेनंच गप ऱ्हा म्हनून खुनावलं. मी गप ऱ्हायले."

"मग वैनी, महिनाभर तुम्ही... मला एक शब्द तरी..."

"काय बोलू? रोज वाट बघत हुते. आज येतील, आज सांगतील. दार लावलं न्हाई दिसभर कधी. तेराव्याला मांडवातनं परत गेलात तवा वाटलं, नवरा तर गेलाच, आता ह्ये पोरगंबी गेलं." "सा वर्साचं हुतात भावजी तुमी, मी या घरात आले तवा. माझ्या हातानं घास भरवलाय. चुकलात म्हनून काय मी तुमाला टाकनार हुते?"

सटवा पायरीवर बसला आणि त्यानं तोंड गुडघ्यांत लपवलं. ती उठली, खाली आली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. तीही रडत होती. रडं आवरल्यावर तिनं त्याला विचारलं, सकाळपासून पोटात काही आहे का. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"मग दोन घास खाऊन घ्या. आनि मग जावा चावडीवर, ह्येच सांगा समद्यास्नी. उस्ताद दारात बसलं की लोक वाट बदलत्यात म्हनं, त्ये मला ऐकवत न्हाई."

तो जेवला, आणि चावडीवर गेला.